मीटरबाहेरचे मैल

१

चंपतराव गजभिये दर रविवारी सकाळी गाडी पुसत. यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण ते ज्या पद्धतीनं पुसत ती पाहायला इमामवाड्यातली अर्धी गल्ली सुरुवातीला जमायची. आधी खिशातली चावीबिवी काढून ठेवायची, ओरखडा जायला नको. मग बोटातली अंगठी. मग खोळ, ती ओढायची नाही, उचलायची. मग पिवळं फडकं आधी कोरडं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं. शेवटी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं, आणि ते बंद करून गाडी चार हात पुढं, चार हात मागं ढकलायची, कारण टायर एकाच जागी राहिला की चपटा होतो. झालं. खोळ घालायची आणि शेडला कुलूप. सहा वर्षं हा नेम चालला होता, आणि त्या सहा वर्षांत गाडी टिनाच्या शेडमधून तीनदा बाहेर पडली होती, तीही कागदपत्रांच्या कामासाठी.

गाडी साधी नव्हती. दोन माणसांची, उघडी, गडद हिरवी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी विलायती गाडी. उमरेडकडच्या एका खाणीवरचा गोरा मॅनेजर ती सदर भागातल्या गॅरेजात आणायचा, आणि तिथले हेडमिस्त्री चंपतराव सोडून कुणी तिला हात लावलेला त्याला खपत नसे. अडुसष्ट साली साहेब देश सोडून गेला, तेव्हा त्यानं ती त्यांना जवळजवळ फुकटातच देऊन टाकली. हिला चालवत राहा, एवढंच तो म्हणाला. चंपतरावांनी मान डोलावली आणि घरी येऊन खोळ शिवायला टाकली.

त्यांचा स्वभावच तो. घरातल्या रेडिओला खोळ होती, शिलाई मशीनला खोळ होती, आणि बैठकीतल्या दोन खुर्च्यांवर दुकानातून आल्या तेव्हाचं प्लास्टिक अजून होतं. उन्हाळ्यात पाहुणा उठला की ते चर्रकन आवाज करायचं. ‘उद्या विकायचं झालं तर’ हे त्यांचं पालुपद. त्यांची बायको कौसल्या हसून म्हणायची, “घरात माह्याच आंगावर तेवढी खोळ नाही.” बावीस वर्षांच्या संसारात तिनं फारसं काही मागितलं नव्हतं. या गाडीत बसवून एकदा कुठंतरी न्या, एवढं मात्र ती तीनचारदा बोलली होती, आणि दर वेळी चंपतरावांनी तिला सीटचं कातडं किती नाजूक असतं ते समजावून सांगितलं होतं.

चौऱ्याहत्तरचा दसरा झाला. दीक्षाभूमीवर आलेले गावाकडचे पाहुणे परतले, आणि त्याच आठवड्यात नागभीडचे लाकडाचे ठेकेदार नानाजी गाडी पाहायला आले. त्यांना ती मुंबईच्या कुणा शौकिनाला पुढं विकायची होती. त्यांनी रंग पाहिला, कातडं पाहिलं, आणि वाकून मीटर वाचलं. नऊ हजार नऊशे नव्वद मैल. मीटर दहा हजाराच्या आत असेल तर चंपतराव म्हणतील तो भाव. वर गेलं तर निम्मा. महिनाभरानं बुधवारी पैसे आणि ट्रक घेऊन येतो, तोवर हलवू नका, असं सांगून ते गेले. त्या भावात घराचं टिन जाऊन स्लॅब पडणार होता. चंपतरावांनी शेडला दुसरं कुलूप लावलं.

२

गाडी जाणार हे पक्कं झालं आणि चंपतरावांना काहीतरी खुपायला लागलं. सहा वर्षं त्यांनी जिची एवढी उस्तवार केली, ती वेगात कशी धावते हे त्यांना धड ठाऊक नव्हतं. रस्त्यावर काढली असती तर मीटर फिरलं असतं, म्हणून ते कधी जमलं नाही. पुढच्या रविवारी फडकं पिळता पिळता त्यांना आपल्या जुन्या उस्तादाचं बोलणं आठवलं. मीटर फिरलं नाही तर गाडी चाललीच नाही, असं उस्ताद म्हणायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआड मीटरची केबल काढून ठेवायचा. सगळा धंदाच हे करी. चंपतरावांनी मात्र उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्यांनी मीटरमागची छोटी चाकी दोन बोटांनी सैल केली. केबल हातात आली. कुणाला फसवतो आहोत असं त्यांना वाटलं नाही. आपलीच गाडी, आपलाच रस्ता.

सकाळी सातला ते सक्करदऱ्यावरून निघाले. दिघोरी नाका मागं पडला, उमरेड रोड मोकळा झाला, आणि त्यांनी पहिल्यांदा पाय खाली दाबला. पुढचं काय सांगावं. पन्नाशी उलटलेला, दोन खिशांचा सदरा घालणारा, चहात साखरही मोजून घालणारा हा माणूस एकटाच मोठ्यानं हसत सुटला. गाडी वळणात जमीन धरून बसायची आणि वळण संपलं की बाणासारखी सुटायची. वारा डोळ्यांतून पाणी काढत होता. समोरच्या मीटरचा काटा मात्र शून्यावर पडून होता, जणू ते अजून शेडमध्येच बसले होते.

पाचगावच्या पुढं कुही फाट्यावर रुपराव नावाच्या माणसाची चहाची टपरी होती. रुपरावनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, किंमत विचारली, आणि साहेबांच्या गाडीनं इथं पायधूळ झाडली म्हणून आलुबोंड्याचे पैसे घ्यायला नको म्हणाला. चंपतरावांनी दिलेच. नऊच्या सुमाराला ते घरी आले. कौसल्या अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “झालं पुसून?”

हायसं वाटून त्यांनी गाडी आत घेतली आणि सवयीनं बॉनेटवर पालथा हात ठेवला. बॉनेट थंड होतं.

पस्तीस मैल पळालेलं इंजिन असं थंड नसतं. ते मिस्त्री होते, त्यांना हे कुणी शिकवायला नको होतं. पण गाडी उघडी, वारा गार, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आणखी एक गोष्ट होती. तीन आलुबोंडे खाऊन आलेल्या माणसाला एवढी भूक लागायला नको होती.

३

पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले. पाचगावाजवळ म्हशींचा कळप आडवा आला आणि पुढच्या मडगार्डवर शेणाचा चांगला सडा पडला. चंपतरावांच्या काळजात कळ आली. टपरीवर थांबून त्यांनी रुपरावकडं पाणी मागितलं. रुपराव गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, “कुठची हाय गा ही गाडी? अशी तर या रोडवर कधी पाह्यली नाही.”

“आठ दिवसांमागं आलो होतो ना मी,” चंपतराव म्हणाले.

रुपराव हसला. अशी गाडी येऊन गेली असती तर तो जन्मभर विसरला नसता, असं त्यानं शपथेवर सांगितलं, आणि आलुबोंड्याचे पैसे घ्यायला नको म्हणाला.

घरी येऊन ते बादली घेऊन बसले, तर मडगार्ड लख्ख. टाकीत काडी घालून पाहिली, तर पेट्रोल निघताना होतं तेवढंच. रुपरावच्या हातात बळेच ठेवलेली एक रुपयाची नोट सदऱ्याच्या खिशात घडी घालून होती. चंपतराव बराच वेळ उकिडवे बसून राहिले. कुणीही भ्यायला पाहिजे होतं, आणि ते थोडेसे भ्यालेही. पण खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की टायर झिजला नाही, पेट्रोल जळलं नाही, रंगाला धक्का नाही, आणि मजा मात्र सगळी पदरात पडली. सहा वर्षं त्यांनी या दोन्हींतली एकच गोष्ट धरून ठेवली होती. आता दोन्ही मिळत होत्या.

तेवढ्यात त्यांना खोक्यावर ठेवलेला कप दिसला. हत्यारांच्या खोक्यावर, त्यांच्या नेहमीच्या जागी. तळाशी चहाची पावडर, आणि काठावर ओठांचा अजून ओला ठसा.

त्यांनी कौसल्येला विचारलं, चहा कधी आणला होतास.

“आता तं आणला. आठ वाजता,” ती म्हणाली. “तुमी फडकं मारून राहिले होते. वर मान बी नाही केली, माह्या हातचा कप घेतला न् पिऊन टाकला.”

आठ वाजता ते कुही फाट्यावर होते.

४

कारण शोधणं हा चंपतरावांचा धंदा होता. गाडी आवाज करते म्हणून कुणी आला, तर भूत आहे असं म्हणून त्यांनी त्याला कधी परत पाठवलं नव्हतं. कौसल्येला रविवारांची सरमिसळ झाली असेल. रुपराव नशापाणी करत असेल. असं करत करत त्यांनी एकेक निकालात काढलं आणि तिसऱ्या रविवारी पक्की परीक्षा घ्यायचं ठरवलं. टायरवर आणि फरशीवर खडूनं एकच सलग रेघ ओढली. जाताना शेडचं दार सताड उघडं ठेवलं. फाट्यावर एका बाईकडून एक पेरू घेतला, त्याचा एक चावा खाल्ला आणि तो रुमालात बांधून खिशात ठेवला. घरी येईस्तोवर दर मैलाला खिसा चाचपून पाहिला. पेरू होता.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत आणली. शेडचं दार लावलेलं होतं.

आतून फडक्याचा आवाज येत होता. त्यांच्याइतका तो आवाज कुणाच्या ओळखीचा असणार? आधी कोरडं, सरसर. मग बादलीत हात बुडाल्याचा, पिळल्याचा आवाज. मग ओलं. आणि मध्येच कुणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं ऐकून चंपतरावांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडं गेला, कारण रोज सकाळी ते तसेच खाकरत.

त्यांनी दार ढकललं. आत कुणी नव्हतं. खोळ चौघडी घालून ठेवलेली होती, आणि बादलीतलं पाणी हलत होतं.

ते पाणी थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग गाडी आत घेतली. खडूची रेघ टायरवरून फरशीवर सलग गेलेली होती, जागची हललेली नव्हती. रुमालाला गाठ होती, गाठीत काही नव्हतं.

तेव्हा त्यांना उस्तादाचं म्हणणं नीट कळलं. मीटर फिरलं नाही, म्हणजे गाडी चालली नाही. आणि गाडी चालली नाही, तर चंपतराव शेडमध्येच होते. रस्त्यावरचं तिथंच राहत होतं. ते स्वतः तेवढे घरी येत होते, आणि येऊन शेडमधल्या त्या दुसऱ्याच्या जागेवर उभे राहत होते, पायातली चप्पल पुन्हा पायात सरकावी तसे. त्यांनी ठरवलं, आता पुरे. केबल परत बसवली.

५

ठरवलेलं टिकलं असतं, पण नानाजींचा निरोप आला की येत्या बुधवारी ट्रक आणतो. त्याच रविवारी कौसल्या शेडच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिनं अबोली रंगाची, कपाटातली चांगली साडी नेसली होती. “बुधवारी जाईन ते,” ती म्हणाली. “मले एकडाव बसू द्या. मंग नाही म्हणनार काही.”

चंपतरावांनी मीटरकडं पाहिलं. दहा मैल उरले होते. दहा मैलांत जवळच्या मेडिकल चौकापर्यंत नेऊन आणता आली असती. पण तिचा चेहरा पाहून त्यांना मेडिकल चौक फार लाजिरवाणा वाटला. तिला तो मोकळा रस्ता दाखवायचा होता. मनातून भीती गेली नव्हती. पण आपल्याला सगळं आठवतं, तसं तिलाही आठवेल, असा त्यांनी हिशेब केला. पेरू नाहीसा झाला होता, पण पेरूची चव तर अजून तोंडात होती. त्यांनी वाकून चाकी सैल केली.

ती सकाळ त्यांच्या संसारातली सगळ्यात चांगली सकाळ होती. दिघोरीच्या पुढं कौसल्येनं डोक्यावरचा पदर सोडून दिला. आणखी जोरात, म्हणाली. आणखी. ती घरात कधी मोठ्यानं बोलत नसे, आणि इथं वाऱ्यावर ओरडून त्यांना लहानपणच्या गोष्टी सांगत होती, त्यांतली एकही त्यांनी आधी ऐकलेली नव्हती. बावीस वर्षं आपण हिलाही खोळ घालून ठेवली, असं चंपतरावांना वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याचं असेल, म्हणून त्यांनी पुसलं नाही.

फाट्याच्या अलीकडं तळं होतं. तळ्याच्या बांधावर, पाळीवर, कोळ्यांतली एक ढिमरीण ओल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसलेली. कौसल्येला शिंगाडे फार आवडत. ती उतरली. चंपतराव गाडीतच बसले, इंजिन सुरू ठेवून, कारण पुन्हा पुन्हा चालू केलं की बॅटरीवर ताण येतो. इतक्यात मागून कोळशाचा ट्रक आला. त्याच्या चाकांखालचा खडा उडून रंगाला लागला असता. चंपतरावांनी गाडी वळणापलीकडं झाडाखाली नेऊन लावली आणि ट्रक गेल्यावर मागं आणली. मिनिटभराचं काम.

पाळीवर कौसल्या नव्हती. ढिमरिणीनं सांगितलं की सकाळपासून भवानीच झाली नाही, इथं कुणी बाई आली नाही.

त्यांनी पाळीच्या दोन्ही बाजू पालथ्या घातल्या. हाका मारल्या. पाण्यात वाकून पाहिलं. रुपरावला विचारलं, त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना त्याचा गळा धरावासा वाटला. तासाभरानं अंगातला जोर गेला आणि एकच विचार शिल्लक राहिला. आपण जसे शेडमध्ये असतो, तशी ती घरी असेल. त्यांनी गाडी अशी पिटाळली की वळणावर मागची चाकं रस्ता सोडून गेली, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

कौसल्या घरी होती. जुन्या निळ्या साडीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

६

चंपतराव दारातच खाली बसले. एवढे घामाघूम कशानं, म्हणून तिनं पाणी आणून दिलं. ते तिचा हात सोडेनात, तेव्हा तिनं तो हळूच सोडवून घेतला. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, गाडीत कसं वाटलं, तळं आठवतं का.

“काहून चिडवून राहिले?” ती म्हणाली. “सकाळी मी म्हनलं, मले बसू द्या. तुमी सीटच्या कातड्याचं सांगतलं. मी साडी बदलून घेतली. झालं ते झालं.”

हे बोलताना ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शेंगा सोलत होती, आणि तिच्या आवाजात आता काही मागणं उरलं नव्हतं. चंपतरावांनी कपाट उघडलं. अबोली साडी घडी करून ठेवलेली होती.

म्हणजे काही गेलं नव्हतं. बायको घरात होती, साडी कपाटात होती, गाडी शेडमध्ये होती, मीटर नऊ हजार नऊशे नव्वदवर होतं. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. पण रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी दिवसभर गॅरेजात चंपतरावांच्या डोळ्यांसमोर ती पाळ होती. वाऱ्यावर ओरडून बोलणारी एक बाई तिथं शिंगाडे घेऊन रस्त्याकडं पाहत बसली असेल. आपण स्वतः दर वेळी परत आलो, कारण गाडीतून उतरून आपण कुठं राहिलो नाही. ती राहिली. एक खडा उडेल म्हणून आपण तिला सोडून गेलो. या विचारानं त्यांना आपलीच किळस आली.

बुधवारी ट्रक येणार होता. गाडी गेली की तिकडं जायचा रस्ताही गेला.

आणि तिला आणायचं तरी कसं? तशीच आणली तर पेरूसारखी गल्लीच्या तोंडाशी नाहीशी होईल. मंगळवारी पहाटे चहा पिता पिता त्यांना एकदम उमगलं, आणि ते इतकं सोपं होतं की ते स्वतःशीच हसले. मीटरवर जे चढतं ते झालेलं असतं. जाताना केबल काढून जायचं, आणि येताना लावून यायचं.

निघण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. निळ्या साडीतली कौसल्या कणीक मळत होती. “काय पाहून राहिले?” तिनं विचारलं. काही नाही, म्हणून ते शेडकडं वळले. या बाईची आपण फसवणूक करतो आहोत असं त्यांना वाटत होतं, पण नेमकी कसली, ते सांगता आलं नसतं.

७

ती पाळीवरच होती.

दगडावर, रस्त्याकडं तोंड करून. ढिमरीण नव्हती. चंपतरावांनी गाडी तिच्यासमोर थांबवली, तेव्हा तिनं आधी हसून पाहिलं आणि मग पदर तोंडाला लावला.

“लय वेळ लावला तुमी,” ती म्हणाली.

“गाडी सावलीत लावाले गेलतो.”

“मले वाटलं, आता काही येत नाही.”

तिच्या पायाशी शिंगाड्यांच्या सालांचा ढीग होता. गुडघ्याएवढा. वरची सालं हिरवी होती, खालची वाळून काळी पडली होती आणि सगळ्यात खालच्यांची माती झाली होती. साडीची उन्हाकडची बाजू विटून पांढुरकी झाली होती. उन्हात रंग इतका उडायला किती काळ लागतो हे चंपतरावांना चांगलं ठाऊक होतं. दोन उन्हाळ्यांत एवढा उडत नाही. त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. तिला हात धरून गाडीत बसवलं, आणि वाकून केबल जागेवर लावून चाकी घट्ट पिळली.

“काय करून राहिले?”

“मीटर जोडून राहिलो.”

कौसल्येला सौद्याचं सगळं माहीत होतं. तिनं मीटरकडं पाहिलं. “मंग भाव?”

“जाऊ दे वं भाव,” चंपतराव म्हणाले.

काटा शून्यावरून उठला. या रस्त्यावर त्यांनी पहिल्यांदाच तो हलताना पाहिला, आणि पहिल्यांदाच त्यांना इंजिनाची ऊब पायाला लागली. पेट्रोलचा वास आला. पाचगावात पोरं गाडीमागं धावली. नऊ हजार नऊशे पंच्याण्णव. म्हशींचा कळप आडवा आला, मडगार्डवर शेण उडालं, आणि ते तिथं राहिलं. कौसल्या आता बोलत नव्हती. त्यांच्या बाहीला धरून बसली होती आणि मधूनमधून खात्री करावी तशी ती बाही ओढून पाहत होती. दिघोरीच्या जवळ चारही नऊ एकदम फिरले आणि त्यांच्या जागी एक आणि चार शून्यं आली. निम्मा भाव गेला, स्लॅब गेला. चंपतरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी तिच्याकडं वळून पाहिलं, आणि ती होती.

८

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी इंजिन बंद केलं नाही. लोकांना ऐकू दे, असं वाटलं.

नळावर मनकर्णाबाई पाणी भरत होत्या. चार रविवार गाडी त्यांच्यासमोरून गेली होती आणि त्यांनी कधी मान वळवली नव्हती. आज वळवली. त्यांनी गाडीतल्या दोघांकडं पाहिलं, मग गजभिये यांच्या घराकडं पाहिलं, आणि पुन्हा गाडीकडं. बादली भरून वाहू लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

घरासमोर चंपतरावांनी ब्रेक दाबला. इंजिन थांबलं. बॉनेटखाली गरम लोखंड निवताना टिक टिक करू लागलं. शेडचं दार अर्धवट उघडं होतं, आणि आतून फडक्याचा आवाज येत होता. आधी कोरडं, मग ओलं. चंपतराव तो थांबायची वाट पाहत बसले. तो नेहमी थांबत असे.

स्वयंपाकघरातून निळ्या साडीतली कौसल्या बाहेर आली. तिच्या हातात बशी झाकलेला चहाचा कप होता. शेडकडं जाता जाता ती थबकली आणि कपाळावर आडवा हात धरून तिनं उन्हातून रस्त्याकडं पाहिलं.

चंपतरावांच्या शेजारी बसलेल्या बाईनं त्यांची बाही मुठीत घट्ट धरली. “ते कोन हाय आपल्या घरात?” तिनं अगदी हळू विचारलं. चंपतरावांची नजर मीटरवर होती. दहा हजार सहा.

“अवो,” अंगणातली कौसल्या शेडच्या दारातून आत वाकून म्हणाली, “बाहेर कोनाची तरी गाडी आली. अगदी आपल्यासारखी हाय.”

आत कुणीतरी घसा खाकरला.

“आपली आतच हाय,” चंपतरावांच्या आवाजात उत्तर आलं, आणि फडकं पुन्हा फिरू लागलं.